वादळ अगदी जवळून

४ मे, सकाळ
संकल्प : या उन्हाळ्यात वादळाचं असं शूटिंग करायचं, की आजवर कुणी इतक्या जवळून केलं नसेल. ड्रोन आहे, रिटायरमेंट आहे, वादळांना तर विदर्भात तोटा नाही.
लतिका धंतोलीच्या दवाखान्यात. पोटाचं ऑपरेशन झालं, आता नुसता आराम. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं बोलतात. धंद्याचा चेहरा असतो तो.

७ मे
दवाखान्यात दहा मिनिटं बसलो. लतिकानं माझी बोटं धरून ठेवली. म्हणाली, बसा ना जी, काहून घाई करून राहिले? मी म्हणालो, तुला आराम हवा. शिवाय बसून राहिलं की माझी कंबर धरते. तिची बहीण सुमती बसते. तिची कंबर चांगली आहे.

९ मे, दुपार
पहिलं उड्डाण, गच्चीवरून. धूळ उठली तशा शेजारच्या कौशल्याबाई वाळत घातलेल्या कुरड्या उचलायला धावल्या. ड्रोन नेमका कुरड्यांवर उतरला. चित्रात वादळ नाही. कुरड्या फार छान आल्यात.
बाई म्हणाल्या, वहिनी तिकडं भरती अन् तुमी इकडं खेळून राहिले काय? लोकांना सायन्स कळत नाही.

११ मे
धडा : फोन हाच ड्रोनचा स्क्रीन. कॉल आला की चित्र अडकतं. आज ऐन ढगात सुमतीचा कॉल. लतिकाला माझ्या हातचं पन्हं पाहिजे म्हणे. यापुढे उडवताना फोन फ्लाइट मोडवर. पन्हं उद्या नक्की.

१३ मे
पन्हं नेलं. तिला झोप लागली होती, उठवलं नाही. झोपेत फार लहान दिसते. जिना उतरताना रडू आलं. लिफ्ट बंद होती, दम लागला असेल.

१५ मे, संध्याकाळ, रामटेकहून येताना बसमध्ये
सकाळी दवाखान्यातच जाणार होतो, पण अलर्ट आला. वादळ थांबत नाही, लतिका थांबते.
गडामागून ढग आला तो बघून अंगावर काटा आला. ड्रोन थेट आत सोडला. चित्र थरथरलं, करडं झालं, मग काहीच नाही. दोन शेतं तुडवली, सापडला नाही. चंपतराव नावाच्या शेतकऱ्यानं चहा पाजला. म्हणाला, वाऱ्याच्या मागं कोणी धावते काय गा?
आत्ता लक्षात आलं, फोन अजून फ्लाइट मोडवरच. काढला. सुमतीचे कॉल. दवाखान्याचे कॉल.
ड्रायव्हर बस फार हळू चालवतोय.

१६ मे
लतिका काल दुपारी गेली.
सुमती म्हणाली, भाऊजी, ते दाराकडं पाहून राहिली होती. मी सांगत होती तिले, येऊन राहिले म्हणून.
मी म्हणालो, नेटवर्क नव्हतं. रामटेकला नेटवर्क नसतंच.

२९ मे
लतिकाचा चष्मा दवाखान्यात राहिला होता. खाली काउंटरवरच मिळाला. तरी वर गेलो.
तिच्या पलंगावर वर्ध्याच्या कुणी बाई होत्या, झोपलेल्या. जवळ कुणी नव्हतं म्हणून बसलो. बराच वेळ बसलो. मग त्यांचे यजमान चहा घेऊन आले. विचारलं, तुमी कोणाकडं आले जी?
म्हणालो, बाहेर वादळ सुटलंय, म्हणून आत आलो.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कडक ऊन होतं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बसा.