‘पासियांस’ बोट, तिचा पंप आणि इतर वाटणी

हे लिहायचं मी चार दिवस टाळलं. सोमवारी पेन सापडेना, मंगळवारी सापडलं तर मासे गळाला लागत होते, मग दोन दिवस काय केलं ते आठवत नाही. आज सकाळी रेडिओवर सांगितलं की चक्रीवादळ उद्या पहाटे इथे, कॅरिबियनमधल्या कॅरियाकू बेटावर येतंय. म्हणजे टाळायला दिवसच उरला नाही.

सबब मी, तांगी केरवेला, वय सव्वीस, मूळचा फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या कोंकार्नोचा, हल्ली राहणार शिडाची बोट ‘पासियांस’, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी मागे न लागता ही व्यवस्था लिहून ठेवतो. ‘सबब’ हा शब्द वडिलांचा. ते नोटरी आहेत, घरी मीठसुद्धा ‘सबब’ लावून मागतात. मला मोठ्याने वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. शाळेत त्यापायी माझा बाक वर्गाबाहेर असायचा. इथे ऐकायला कोण आहे? शिडं काढून पिशव्यांत कोंबलीत, त्या ढिगावर बसून लिहितोय.

कलम १. स्थावर मालमत्ता नाही. बोट खरं तर जंगम, पण आठ महिने नांगर उचललेला नाही, फक्त परवा ओढत खारफुटीत आणून दोरांनी झाडांना बांधली. सबब स्थावरच धरावी. ‘पासियांस’ म्हणजे सबुरी. नाव आधीच्या मालकाने ठेवलं, मला दोष देऊ नये. उरलीच तर बोट कथबर्ट काकांना द्यावी. इथल्या निम्म्या होड्या त्यांनी बांधल्यात. सकाळी ते वल्हवत आले, दोर ओढून पाहिले आणि म्हणाले, “झालं तुझं काम. चल वर घरी.”

“कप्तान बोट सोडत नाही, काका.”

“कप्तान! गेल्या महिन्यात याच खाडीत डिंगीसकट चिखलात रुतला होतास, बाळा. बोट फुटली तर दुसरी बांधून देईन. तू फुटलास तर ते काम मला येत नाही.”

तरी मी राहिलो. कारण कलम ५ मध्ये.

कलम २. पुस्तकं. बेटाबेटांवर अदलाबदल करत जमलेली एकोणीस, त्यातल्या सातांना शेवट नाही. ज्याला उत्सुकता कमी असेल त्याने न्यावीत. माझी गिटार कोणालाही द्या, पण खाडीबाहेर. तीन तारांवर मी काय काय वाजवलं ते... असो.

कलम ३. श्री. हार्टविग, निवृत्त सर्वेक्षक, राहणार शेजारची पांढरी बोट. रोज सकाळी साडेसातला रेडिओवर आमची पंचायत भरते; बोटी, बेकरी, काकांचं घर, सगळे एकाच चॅनलवर. हार्टविग तिचे सरपंच. कुणी नेमलं ते विचारू नये. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी माझ्या साखळीवर आपला नांगर टाकला आणि वर मलाच म्हणाले, “पोरा, तू चुकीच्या जागी उभा आहेस.” तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्यांना माझी मोजपट्टी द्यावी. अंतर मोजून पाहावं, पण खरं सांगावं.

कलम ४. रेडिओ. मघापासून मुका आहे, सगळे किनाऱ्यावर गेले असणार. माईक आवराआवरीत कुठेतरी खाली गेलाय. जो शोधेल त्याचा.

कलम ५. फेम्के. दोन वर्षं ती या बोटीवर माझ्यासोबत राहिली. तिला पुढच्या बेटावर जायचं होतं, मला आधी पंप दुरुस्त करायचा होता. तो पंप मी तीन बेटांवर खोलून बसलोय. एका दुपारी मी पंपालाच म्हणालो, “फेम्के गेली तर दुसरी मिळेल, तुझ्यासारखा मिळायचा नाही.” तेव्हा मी माईकच्या बटणावर बसलो होतो. अख्ख्या खाडीने ऐकलं. फेम्केने बेकरीत ऐकलं, पाव हातात घेऊन. संध्याकाळी ती सामान घेऊन गेली. आता डोंगरावर काकांकडे राहते, होड्यांवर नावं रंगवते. मी दुर्बिणीतून बघत नाही, याची नोंद घ्यावी.

तिला बोटीपायी घालवली. आता वाऱ्यापायी बोटही सोडली तर मी नक्की कशाचा? म्हणून इथे राहिलोय.

फेम्केला तो पंप द्यावा. सोबत हेही सांगावं की तसा पंप गावात मिळतो, मी चौकशी केली आहे. फेम्के कुठेच मिळत नाही, ती चौकशीही झाली आहे.

ठिकाण: खारफुटीची खाडी, टायरेल बे, कॅरियाकू. २ सप्टेंबर, दुपारी तीन.

सही: तांगी केरवेला

साक्षीदार १: कथबर्ट. (सकाळीच कोऱ्या कागदावर सही केली. म्हणाले, “काय हवं ते लिही, वाचून दाखवायला तूच ये.”)

साक्षीदार २: जागा रिकामी. खाडीत कुणी उरलेलं नाही.

ताजा कलम. जागा भरली. बोटीवर आत्ता कुणीतरी थाप मारली, वर जाऊन बघतो तर डिंगीत हार्टविग, ओलेचिंब, हातात माझ्यासाठी लाइफ जॅकेट.

“त्या पिशव्या आधी बाजूला कर! माईकचं बटण खाली दबलंय. अर्धा तास अख्खी खाडी तुझं मृत्युपत्र ऐकतेय, वादळाची बातमी कुणाला ऐकू येईना. ते पहाटे नाही, अंधार पडताच येतंय.”

त्यांनी सही केली, शेजारी लिहिलं, ‘कलम ३ अमान्य.’

“आणि कलम पाच?” मी विचारलं.

“डोंगरावर ऐकलं तिने. म्हणाली, समोर येऊन वाच. चल, कागद भिजवू नकोस.”