आखाजीला तू येऊ नकोस

चोपडा,
चैत्र वद्य ५, शके १८५८

चिरंजीव चुडामण यास अक्काचे आशीर्वाद.

धुळ्याच्या उन्हात तुझी प्रकृती बरी असेल, असं धरून चालते. इकडे सगळी खुशाल आहेत. सासूबाईंचे गुडघे धरतात, पण ताप आता नाही. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. कपाशी विकून झाली आणि हे सध्या रोज मळ्यात विहिरीचा गाळ काढायला जातात. ऊन असं आहे की दुपारी ओट्यावर पाय ठेववत नाही. आखाजीचं माहेरपण पंधरवड्यावर आलं. आळीतल्या पोरींनी झोक्याचे दोर आत्ताच काढून ठेवलेत आणि कुणाच्या दारी झोका बांधायचा यावर भांडणं चालली आहेत.

तुझं पत्र मिळालं. "अक्का, यंदा तुला माहेरी न्यायला मुऱ्हाळी मीच येणार, आबांना सांगून ठेवलंय, दुसऱ्या कुणाला पाठवू देऊ नकोस," असं तू लिहिलंस. पत्र घडी करून ठेवलं आणि भाकरी थापायला बसले. दोन भाकरी जाळल्या. सासूबाईंनी त्या गाईला घातल्या, हे त्यांचे उपकार.

तुझ्या खोलीत राहणारा अभिमन परवा येऊन गेला. त्याची मावशी आमच्याच आळीत दिली आहे, हे तू विसरलास वाटतं. पोरगा गुणी आहे. मला भेटायला म्हणून आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि खाली मान घालून म्हणाला, "अक्का, जे व्हयनं ते लई वाईट व्हयनं. चुडामण तं पार खचना. भाचीनं दुःख त्याले सहन व्हयनं नही, म्हणीसन मॅट्रिकले बी बसना नही. हेडमास्तरांनी बी त्याले माफ करं."

मी त्याच्यापुढं गूळ-शेंगदाणे ठेवले. दुसरं काय करणार होते?

खाता खाता तो तुझ्या अभ्यासाच्या, परीक्षांच्या गोष्टी सांगत राहिला. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मागच्या आखाजीला चुडामण धुळ्यातच होता का रे? तो म्हणाला, "नही ना अक्का. मास्तर सुटीमा जादा तास घेत होतात, पण चुडामण तुमले लेवाले चोपड्याले गया होता ना?" आणि माझं तोंड बघून त्याचं त्यालाच कळलं. बिचारा चप्पल पायात न घालता हातात घेऊनच निघाला.

मागच्या आखाजीला तू मला काय लिहिलं होतंस, आठवतं? "मास्तर सुटीत जादा तास घेतात, अभ्यास बुडतो, यंदा येता येणार नाही." म्हणजे मला अभ्यासाचं कारण सांगितलंस आणि मास्तरांना माझं. दोन्हीकडे तू नव्हतास. मग होतास तरी कुठं रे? मी सांगते. पांझरेच्या काठी कुठल्यातरी झाडाखाली पुस्तक उशाला घेऊन पडला असशील आणि उद्यापासून पहाटे उठायचं ठरवत असशील. तुला मी ओळखत नाही का?

त्या आखाजीला तुझं पत्र हाती पडलं तोवर मी गाठोडं बांधून दारात बसले होते. आळीतल्या सगळ्या सुना आपापल्या भावांबरोबर गेल्या. दुपारी सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बठ्ठीस्ना भाऊ उनात, तुनाच कोठे शे व?" मी म्हटलं, त्याची परीक्षा आहे, मोठी परीक्षा आहे. मी हे मान वर करून सांगितलं चुडामण. भाऊ मॅट्रिकला बसणार, याचा मला तोरा होता. गाठोडं सोडताना मी रडले नाही, कारण तुझा अभ्यास होत होता.

तू लहान होतास तेव्हाही असाच. गणितं करायची म्हटली की आधी पाटी धुवायचास. मग ती वाळवायचास. मग पेन्सिलीला टोक. टोक नीट आलं नाही म्हणून पुन्हा टोक. पेन्सिल संपली की "माय, पेन्सिल नही, मी काय करू?" म्हणत खेळायला मोकळा. माय हसायची. आबा गावभर सांगायचे, पोरगं टापटिपीचं आहे. अभिमनच्या बोलण्यात आलं ते सगळं मला तिथलंच वाटलं. दोन रंगांच्या शाईनं आखलेलं वेळापत्रक. सोमवारपासून सुरुवात. सोमवार चुकला तर मग एक तारखेपासून. एक तारखेला अमावास्या, म्हणून पाडव्यापासून. कंदिलाची काच काळी, खोलीत ढेकूण, शेजारी भजन, नवा टाक हाताला बसत नाही. तुला ही सगळी कारणं खरी वाटतात, हेच वाईट. दुसऱ्याला फसवणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं.

आळशी तू नाहीस. बांधावर दिवसभर कुदळ मारताना तुला मी पाहिलंय. तू घाबरतोस. पेपर लिहिलास तर मार्क येतील, आणि मार्क आले म्हणजे तू केवढा ते सगळ्यांना कळेल. पेपर लिहिलाच नाही तर आपल्या गावी, नशिराबादेत, तू जन्मभर हुशार. "बसला असता तर पहिला आला असता," हे ऐकायला गोड लागतं. तेवढ्यासाठी तू दोन वर्षं घालवलीस. तुझी दोन वर्षं तू घालव, माझं काही म्हणणं नव्हतं.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, ते लिहिते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातवा लागला तेव्हा आबांनी सुपडूला, आपल्या काकांच्या सुपडूला, बैलगाडी जुंपायला सांगितलं होतं. आबांचा पाय अधू, मायला लेकीच्या घरी लेकरू होईस्तोवर पाणी प्यायला बंदी. उरला सुपडू. आणि तू धुळ्याहून निरोप पाठवलास, "सख्खा भाऊ असताना चुलत कशाला? लोक काय म्हणतील? पूर्वपरीक्षा झाली की मीच जातो." सुपडूनं बैल सोडले. हे मला मायनं सांगितलं, नंतर.

पूर्वपरीक्षा झाली. तू आला नाहीस. अभिमन म्हणतो, पूर्वपरीक्षेलाही तू पहिल्या दिवशी पोट दुखतं म्हणून उठून आलास. मी रोज रस्त्याकडे बघत होते. सासूबाई म्हणायच्या, "आते कव्हय येई तुना भाऊ? पोट खाले उतरनं तुनं." मी म्हणायचे, येईल, अभ्यासाचा आहे तो. शेवटी आठव्यातच पोटात कळा सुरू झाल्या आणि गाडीत बसवण्याजोगी मी राहिले नाही.

सासूबाईंनी काही कमी केलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. सुईण दुसऱ्या गावी गेली होती, तिला बोलवायला हे स्वतः धावले. मुलगी पायाळू होती. जगली, रडली, माझं बोट धरलं तिनं. पाचवी पुजायच्या आधी गेली.

तू आला असतास तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. मायजवळही गेली असती कदाचित. देवाला ठाऊक. तिच्या मरणाचा दोष मी तुझ्यावर ठेवलेला नाही, हे लक्षात घे, कारण तेवढा मोठा दोष घेऊन तू पुन्हा वर्षभर अंथरुणात पडशील आणि म्हणशील, अशा मनःस्थितीत अभ्यास कसा होणार?

मला राग कशाचा आला, ते वाच. तू तिला पाहिलं नाहीस. तिची बातमी मिळाल्यावर मला भेटायलाही आला नाहीस, लिहिलंस की परीक्षा तोंडावर आहे, ती झाली की येतो. आणि त्याच परीक्षेच्या वेळी हेडमास्तरांपुढं उभं राहून तिचं मरण पुढं केलंस. माझी मुलगी, चुडामण. पाटी, पेन्सिल, कंदिलाची काच, ढेकूण, आणि माझी मुलगी. एका ओळीत बसवलीस. मी अजून तिच्यासाठी नीट रडले नाही. तिच्या नावानं तुला मात्र सुटी मिळाली.

आबांना यातलं मी काही कळवलेलं नाही. ते अजून सांगतात, पोरगं दुःखानं बसलं नाही, पुढल्या साली पहिलं येईल. सांगू देत. ते तू त्यांना सांगायचं आहे, मी नाही.

आखाजीला तू येऊ नकोस. मी सुपडूला बोलावलं आहे. ह्यांनीच निरोप धाडला. सख्खा भाऊ असताना चुलत कशाला, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. मला आता वाचा फुटली आहे.

पुढच्या मार्चला पेपरला जाऊन बस. येत नसलं तरी बस. कोरा दिलास तरी चालेल, पण घंटा होईपर्यंत उठू नकोस. नापास झालास तर मला दोन शब्दांचं कार्ड टाक, "नापास झालो." ते मी वाचीन आणि तुला घरी बोलावून पुरणपोळी वाढीन. त्या दोन शब्दांच्या पुढं "कारण" असं काही लिहिलेलं असलं तर कार्ड चुलीत जाईल. तोपर्यंत पत्र पाठवू नकोस.

एक राहिलं. मुलीचं बारसं झालं नाही, पण मी तिला हाक मारायला एक नाव ठेवलं होतं. ते ह्यांनाही ठाऊक नाही. तू ते कधी विचारू नकोस. तुला सांगितलं, तर तू ते कुठल्यातरी मास्तरला सांगशील.

भिकुबाई