लाल रिळाच्या पोटातले दाते

टॅमरॅक लेक, विस्कॉन्सिन
बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रिय व्हर्लिन,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, फुशारून जाऊ नकोस. अकरा वर्षं एका घरात काढली की सवयी राहतात. तू गेलास तरी अजून कॉफी दोघांची होते आणि उरलेली मी सिंकमध्ये ओतते. असो. आधी अभिनंदन करते. त्रेपन्न इंचांची मस्की, एवढा दांडगा मासा! गावात दुसरा विषय नाही. शुक्रवारी बर्निसच्या टॅव्हर्नमध्ये मासे खायला गेले, तर टेबलाटेबलावर तूच. बर्निस म्हणाली, “आर्डिस, म्हाताऱ्यानं काय बार उडवला बघ! एकसष्टाव्या वर्षी!” मी म्हटलं, हो बाई, उडवला खरा. आणि माझ्या बटाट्याच्या भज्यांवर मीठ टाकलं.

उन्हाळा मात्र तुझा वाईट गेला, नाही का? सगळं कानावर येत होतं. माझ्या दुकानात गळाच्या काठीचं रीळ दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस रिळापेक्षा बातम्या जास्त आणतो. जुलैत पाणी पंचाहत्तर फॅरनहाइटवर, मासे तरतरीत, आणि तुझ्या बोटीशी येऊन मागे फिरतायत! तुझं गिऱ्हाईक, शिकागोचा तो दंतवैद्य, सांगत होता, तीन दिवसांत सात मासे आमिषाच्या मागे आले, बोटीपर्यंत आले, त्यानं आणि तू गळाच्या काठीनं पाण्यात आठाचे आकडे काढून काढून मनगटं मोडून घेतली, पण एकानंही तोंड उघडलं नाही. “व्हर्लिनचा खांदा गेला,” तो म्हणाला. “ऑपरेशननंतर त्याचा हात पूर्वीसारखा पळत नाही.” तू स्वतःच त्याला तसं सांगितलंस म्हणे. ऑगस्टमध्ये धक्क्यावर तुला पाहिलं. बाकावर एकटाच बसून उजवा हात उघडत-मिटत होतास. मला वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं. सांगून टाकावं असंही मनात आलं होतं.

काय सांगून टाकावं, ते पुढे येतंच आहे. त्याआधी तुला एका नोव्हेंबरची आठवण करून द्यायची आहे. नऊ वर्षं झाली. आपण दोघंच होतो, काठाला बर्फाची साय धरली होती, आणि मी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला होता. तू नेहमीप्रमाणे खेकसलास, “काय डॉक्टरीणबाई, पेशंटला ताप आहे का?” पेशंट बेचाळीसवर होता. मी माझं जुनं संथ रीळ काढलं, ज्याच्या हँडलच्या एका फेऱ्याला जेमतेम हातभर दोरी येते. तू आपलं लाडकं लाल रीळ घेऊन बसलास, एका फेऱ्याला पावणेदोन हात ओढणारं. तुला मी शंभरदा सांगितलं असेल: पाणी गार झालं की माशाचं रक्तही गार होतं, हात आवरायला शीक. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. “आर्डिस, तू मासे पकडत नाहीस, त्यांना झोपवतेस.” त्या दुपारी मी एकाला झोपेतून उठवलं. एक्कावन्न इंच. गळाला मी लावला, वीस मिनिटं मी खेळवला. तू जाळं धरलंस. मोजला, फोटो काढला, सोडून दिला.

मग मी टॅव्हर्नच्या मागे बोट झाकायला थांबले. दहा मिनिटं, फार तर. आत आले तेव्हा तुझ्या पाठीवर थापा पडत होत्या, हातात ब्रँडीचा ग्लास होता, आणि तू माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “पण आर्डिसनं जाळं मात्र फक्कड धरलं हं!” मी वाट बघत उभी राहिले. वाटलं, चेष्टा करतोय, आता हसेल, आता खरं सांगेल. तू दुसरा ग्लास मागवलास. घरी जाताना ट्रकमध्ये विचारलं तर म्हणालास, “अगं, गाईड मी आहे. माझ्या नावावर असला तर गिऱ्हाईक येतं. तुझ्या नावावर असून करायचंय काय? घरातलाच तर मासा.” पुढच्या मार्चमध्ये तू घर सोडलंस आणि मासा तेवढा नेलास. त्याची रंगवलेली प्रतिकृती अजून बर्निसच्या भिंतीवर आहे, खाली पितळी पट्टी, पट्टीवर तुझं नाव. नऊ वर्षं दर शुक्रवारी मी त्या पट्टीखाली बसून जेवते. दोनदा बोलून पाहिलं होतं. लोक हसले. नवरा सोडून गेलेल्या बाईचं कोण ऐकतं, आणि आपलं तर लग्नही झालेलं नव्हतं.

आता यंदाच्या एप्रिलची गोष्ट. साठ मैलांत रीळ उघडून साफ करणारं दुसरं कोणी नाही, म्हणून लाल रीळ घेऊन तुला माझ्याच दारात यावं लागलं. काउंटरवर ठेवलंस, वर म्हणालास, “नीट कर हां, यंदा जोरात धंदा आहे.” कशी आहेस, एवढंही विचारलं नाहीस. मी नीट केलं. तुला हे कधी माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही, पण त्या कंपनीच्या वेगवान आणि संथ रिळांचं बाहेरचं कवच एकच असतं. फरक फक्त पोटातल्या दातेरी चाकांच्या जोडीत. मी तुझी जोडी काढली आणि दुसरी बसवली. एकदम संथ नाही, अर्ध्यावर आणलं असतं तर तुझ्यासारख्यालाही कळलं असतं. मधली बसवली, फेऱ्याला सव्वा हात दोरी ओढणारी. आठवडाभरानं तुझा फोन आला होता, “आर्डिस, हे जड की हलकं काहीतरी वाटतंय.” मी म्हटलं, नवं ग्रीस आहे, आणि तुझा खांदाही नवा आहे, जरा दम धर. तू धरलास. मग ऊन तापलं, पाणी तापलं, माशांना पळतं आमिष हवं होतं, आणि तुझ्या लाल रिळानं ते जन्मात पळणार नव्हतं.

माझा हिशेब एवढाच होता की तुझा एक उन्हाळा वाया जावा. गिऱ्हाइकांसमोर तुझं तोंड त्या दिवशीच्या माझ्यासारखं व्हावं. ते झालं, मी खूश होते, थंडीत रीळ मागवून गिअर गुपचूप परत बसवणार होते. पण पाण्यापुढे माझंही काही चालत नाही. ऑक्टोबर आला, तळं अठ्ठेचाळीसवर उतरलं, तू तुझ्या जुन्या सवयीनं धडाधड हँडल फिरवत राहिलास, आणि ते रबरी आमिष मात्र मी ठरवून दिलेल्या चालीनं, रमतगमत येत राहिलं. जन्मात पहिल्यांदा तू गार पाण्यात योग्य वेगानं मासेमारी केलीस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. बातमी कळली तेव्हा मी दुकानाचं दार लावून मोठमोठ्यानं हसले. मग जरा रडलेही.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते, व्हर्लिन. पण परवाचा पेपर आला. तुझा फोटो, आणि खाली तुझ्या तोंडचं वाक्य: “पाणी गार झालं की माशाचं रक्तही गार होतं, हात आवरायला शिकावं लागतं. या वयात मी ते शिकलो.” कोणाकडून शिकलास, ते पेपरच्या त्या पोरीनं विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मासा नेलास, ते मी नऊ वर्षं गिळलं. आता वाक्यही नेलंस.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी दुपारी ते तुझ्या टपालपेटीत पडेल. शनिवारी बर्निसकडे तुझ्या सत्काराचं जेवण आहे आणि तुझं भाषण. आता रीळ उघडून चाकं बदलावीत असं तुझ्या मनात येईल. येणारच. पण ते तू स्वतःच टॅव्हर्नला भेट दिलंयस ना, माशाखाली काचेच्या पेटीत ठेवायला? जेवणाआधी त्याला तेल द्यायला हवं, असं सांगून पेटीची किल्ली मी बर्निसकडून घेतली आहे. रिळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एप्रिलमध्येच मी सुईनं माझं नाव आणि तारीख कोरून ठेवली होती. तेव्हा भाषणात उभा राहशील तेव्हा एक्कावन्न इंचांचा तो मासा कोणी धरला, ते सगळ्यांसमोर सांग आणि ती पितळी पट्टी आपल्या हातानं उतरव. तसं केलंस तर रीळ मी कधीच उघडणार नाही. नाही केलंस, तर तुझ्या टाळ्या संपल्या की मी छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन उठेन. तीनच स्क्रू आहेत. खरं सांगू? तू गप्पच राहावंस असं मला फार वाटतंय. तुझा त्रेपन्न इंची मासा मात्र तुझ्याच नावावर राहू दे, हात तुझाच होता, आणि शेवटी घरातलाच तर मासा. मी आपलं जाळं धरलं. फक्कड धरलं, नाही?

लाल रिळाच्या पोटातली,
तुझीच
आर्डिस