थंड केलेली पुस्तकं

पौड, १२ मार्च

प्रिय शेखर,

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच काही विचारतोस आणि मी उत्तर चुकवतो. कागदाला तसं चुकवता येत नाही. दुपारची वेळ आहे, शटर अर्धं ओढून शिलाई मशीनवरच कागद ठेवलाय. रोजे चालू आहेत, त्यामुळे चहाला कोणी हाक मारत नाही.

आधी सांगून टाकतो. घोटवडेकरांची पुस्तकं गेली. सहाच्या सहा. तुझ्या वडिलांना, आपल्या तात्यांना, बोलतं ठेवणारं दुसरं काही आपल्याजवळ नव्हतं, आणि ते माझ्या हातून गेलं.

नरहरी घोटवडेकर नावाचा व्यंगचित्रकार होऊन गेला हे आता पुण्यातल्या पुस्तकवाल्यांनाही ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक होता तो तात्यांमुळे. चौथीत असताना शाळा सुटली की नेऱ्यात, आपल्या गावात, तुमच्या विहिरीच्या कट्ट्यावर ते आपल्याला दोन बाजूंना बसवायचे आणि चित्राखालची ओळ तळहातानं झाकून विचारायचे, "साबऱ्या, सांग, ह्यो ढेरपोट्या आपल्या गावातला कोण?" मी भीत भीत सरपंचांचं नाव घ्यायचो आणि तात्या असे हसायचे की पाणी भरायला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहायच्या. माझ्या अब्बांना घरात माणसांची चित्रं चालायची नाहीत. म्हणून माझं सगळं हसणं तुमच्या विहिरीवर व्हायचं.

जमीन विकून घर पाडलं तेव्हा ती पुस्तकं ट्रंकेसकट रद्दीत गेली. कोणालाच काही वाटलं नाही, तुला नाही, मलाही नाही. भूगावच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तात्या हळूहळू गप्प होत गेले. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या रत्नाबाई भरवतील ते खायचे आणि खिडकीतून समोरच्या बांधकामाची क्रेन बघत बसायचे. चार महिने एक शब्द नाही. मग एका रविवारी जुन्या बाजारात मशीनचं चाक शोधताना मला 'सरपंचाची छत्री' दिसलं. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, आतली चित्रं शाबूत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तसाच बसनं भूगावला गेलो आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पान उलटलं, बोट टेकवलं आणि म्हणाले, "ह्यो तर आपला खंडूनाना! धोतार बघ कसं फिटलंय. शेखऱ्याला बोलव रं, त्याला दावू." रत्नाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या.

पण एक पुस्तक महिना-दीड महिनाच पुरायचं. तेवढ्यात तात्या पुन्हा विझायला लागायचे. मग दुसरं शोधायचं. पुन्हा छापलेलं एकही नाही, म्हणून जिथं जुना कागद तिथं मी. जवळच्या चांदे गावात बंद पडलेल्या वाचनालयाच्या कपाटात एक मिळालं. एक तर आपल्या पौडातच वाण्याच्या गल्ल्याशेजारी, शेंगदाण्याच्या पुड्यांसाठी फाडायला घेतलेलं. त्याचा हात धरला तर म्हणतो, "साबीरभाई, कवापास्नं जोक वाचाया लागला वं?" तीन पानं गेली होती, उरलेलं आणलं. भोरच्या एका मास्तरांच्या विधवा पत्नीनं तर आधी अख्खं पुस्तक मला मोठ्यानं वाचायला लावलं, स्वतः पोटभर हसल्या आणि मग दिलं. अडीच वर्षांत सहा जमली. तात्या पानं फाडायचे, म्हणून ती माझ्याकडंच ठेवायचो आणि शुक्रवारी एक घेऊन जायचो.

चूक इथंच झाली. ज्या खोलीत मी नमाज पढतो तिथं माणसांची चित्रं उघडी ठेवणं माझ्या मनाला पटेना. कुराणासाठी कापडी वेष्टनं शिवून उरलेला हिरवा साटीन दुकानात होता. त्यातच प्रत्येक पुस्तकाला पिशवी शिवली, नाडी घातली आणि सगळी वरच्या फळीवर ठेवली. अब्बांचाही मान राहिला आणि घोटवडेकरांचाही, असं वाटून त्या दिवशी मी फार समाधानात होतो.

आमच्यात कुराणाची जीर्ण पानं कुठं टाकत नाहीत. ती मशिदीत गोळा होतात आणि दगड बांधून धरणाच्या खोल पाण्यात सोडतात. कागद थंड करणं म्हणतो आम्ही त्याला. रमजानच्या आधी आमच्या सूनबाईनं, नाजनीननं, घर झाडायला काढलं. मी नाशिकला लग्नाला गेलो होतो. आलो तर फळी रिकामी. ती किती आनंदानं सांगत होती, "अब्बा, कुराणाची पानं लई जुनी झाली होती, कापडातनं चुरा पडत होता. माझा वजू नव्हता, हातपाय धुतले नव्हते, म्हणून उघडून नाही पाहिलं. नाड्या धरूनच मशिदीत नेली." मी अनवाणी मशिदीत पळालो. तिथं पानं गोळा करणारे हाफीजचाचा म्हणाले, "पोतं परवाच सोडलं, दुरूदची दुआ पढून सोडलं. बेफिकीर रहा." त्यांनी पाठीवरून हात फिरवला. पोत्यात काय होतं ते न सांगता मी सलाम करून निघालो. नाजनीनलाही मी अजून खरं सांगितलेलं नाही. अदब पाळणाऱ्या पोरीला काय सांगू?

त्यानंतर तीन रविवार जुन्या बाजारात घालवले. भोरला जाऊन आलो, त्या बाई वारल्या होत्या. चित्रांचे फोटो काढून ठेवावेत हे मला कधी सुचलंच नाही. शेवटी कापडावर खुणा करायच्या खडूनं, तपकिरी कागदावर, आठवेल तसा खंडूनाना काढला. धोतर जमलं, माणूस जमला नाही. तरी घेऊन गेलो. तात्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि फार अदबीनं विचारलं, "तुमी कोण गावचं, पाव्हणं?" पन्नाशीला आलो, त्यांनी मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. येताना बसमध्ये तसबीह हातात होती, पण मणी पुढं सरकेना. अल्लाहकडं काय मागायचं तेच कळेना. तात्यांची उरलीसुरली गंमत ज्या पाण्यात गेली, तिथं ती पूर्ण आदरानंच गेली. राग धरायला कोणी सापडत नाही, माझ्याशिवाय.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेले चार रविवार तू फोनवर विचारतोस, तात्या माझं नाव काढतात का. आणि मी म्हणतो, काढतात की, कालच म्हणाले, शेखऱ्या कधी येतोय. ते खोटं आहे, शेखर. रोज्याच्या तोंडानं मी तुझ्याशी खोटं बोललो. त्या भरवशावर तू मुलांच्या परीक्षा होऊ देत म्हणालास आणि टोरांटोहून मे महिन्याचं तिकीट काढलंस. तात्यांनी तुझं नाव महिनाभरात एकदाही घेतलेलं नाही. सोमवारपासून ते घासही नीट गिळत नाहीत, डॉक्टर म्हणाले, मुलाला कळवा. मी तेही चार दिवस दाबून ठेवलं. हे पत्र पोचायला दिवस लागतील, म्हणून लिहून झालं की याचा फोटो तुला आजच पाठवतो. वाचलंस की मला फोन करू नकोस, तिकीट बदल. ते तुला ओळखतील असं मी आता म्हणणार नाही. तुला पाहुण्यासारखं त्यांच्यासमोर बसावं लागेल, आणि ते कदाचित क्रेनकडंच बघत राहतील. तरी ये.

तू ठेवलंस तर तुझाच,
साबीर