मनगटाचा नेम

३ नोव्हेंबर

शशिकला म्हणाली, खेळ विकून टाका.

सत्यजीत नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा इथेच राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही धनुष्य घेऊन टीव्हीतल्या जंगलात हिंडते. आता उजवा अंगठा धरलाय. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हलवायचा नाही म्हणाले — आणि नेम नेमका त्याच अंगठ्याने धरायचा असतो. जंगल बंद. ती नुसती बसून असते. घर असं मुकं झालेलं मला सोसत नाही.

४ नोव्हेंबर

सत्यजीतला फोन केला. म्हणाला, "बाबा, त्यात जायरो आहे. कंट्रोलरच हलवायचा, नेम त्याच्याबरोबर फिरतो. अंगठा लागत नाही. पण ज्याचं त्याला जुळवून घ्यावं लागतं."

जुळवून घेणं मला समजतं. जन्मभर वर्गात वृत्तंच तर जुळवून घेतली!

७ नोव्हेंबर

नेम आपोआप डावीकडे सरकतो. जुळवणी पुन्हा पुन्हा पुसून नव्याने केली, तरी तेच. शेवटी शशिकलाच म्हणाली, "अहो, जुळवताना कंट्रोलर स्थिर ठेवायचा असतो ना? तुम्ही मांडीवर ठेवता आणि गुडघ्याने ठेका धरता. काय गुणगुणताय?"

काही नाही, म्हटलं. चौथीतली नदीची कविता होती — सगळा वर्ग डोलत म्हणायचा.

टीपॉयवर ठेवला. नेम जागच्या जागी उभा.

१० नोव्हेंबर

वाद. मला संथ आवडतं — हात बराच वळवावा तेव्हा नेम जरासा सरकावा, वाटेतली पानं दिसावीत. तिला चपळ हवं. "तुमची पानं बघून होईपर्यंत रानडुक्कर अंगावर येतं."

वर-खाली उलटं करून पाहिलं. डुकराला मारायला गेली आणि बाण आभाळात! हसली. किती दिवसांनी.

१५ नोव्हेंबर

नवी अडचण. वळत वळत ती टीव्हीकडे पाठ करून फ्रीजसमोर आली. "आता काय, भाजीवर नेम धरू?"

मग कंट्रोलरवर एक बटण सापडलं. डाव्या तर्जनीखाली. दाबून धरलं की नेम थांबतो. हात परत सरळ करायचा, सोडायचं, पुढे चालू. अरे, ही तर यती! मंदाक्रांतेत चौथ्या अक्षरावर थांबतो तशी. श्वास घ्यायचा, ओळ मोडायची नाही.

तिला समजावलं. म्हणाली, "मास्तर, तास संपला. बाजूला व्हा, दिसत नाही." पण थांबायला शिकली.

२१ नोव्हेंबर

तिच्या पसंतीचं ठरलं. जायरो सदा चालू नको, धनुष्य ताणल्यावरच. आडवं चपळ, उभं संथ. पहिल्याच बाणात हरीण.

मी उठायला लागलो तर म्हणाली, "कुठे निघालात? तुम्ही आपले वर्षानुवर्षं बाल्कनीत कविता घेऊन, मी आत. बसा की."

बसलो.

२२ नोव्हेंबर

आज उभं पुन्हा बदलून हवंय म्हणे. बदललं.

२४ नोव्हेंबर

आज आडवं. कालचंच बरं होतं म्हणाली, पुन्हा कालचं केलं. मधल्या वेळात चहा, आणि तिने आपणहून नदीची कविता म्हणायला लावली. दुसरं कडवं मी विसरलो होतो. तिला येत होतं!

२८ नोव्हेंबर

करंजा गावची शांती मासळी घेऊन आली. शशिकला देवळात गेली होती. म्हटलं, कोलंबी सोलूनच दे, बाईंचा अंगठा दुखतो.

शांती हसायला लागली. "काय गुरुजी! त्यांचा अंगठा तर कधीचाच बरा हाय. मागल्या बुधवारी इथंच दारात बसून माझ्यासंगती सगळी कोलंबी सोलली. पट्टा बाजूला काढून ठेवला व्हता."

संध्याकाळी शशिकला पट्टा बांधून कोचावर बसली. कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "अहो, आज पुन्हा जड वाटतंय. बघता जरा?"

सरक म्हटलं, बघू.