‘शांत’ म्हणे

दौंड, ९ जानेवारी २००५, रात्र

शिफ्ट सुटल्यावर माझ्या सायबर कॅफेत येणारी वैशाली आज उठून गेली आणि तिचा चॅट उघडाच राहिला. मरायचं म्हणणाऱ्यांचा ग्रुप. कुणी अनोळखी तिला कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहीत होता, फार शांत असतं म्हणून.

शांत? माझ्या थोरल्या भावाला, भाईजानला, कुरकुंभच्या कंपनीत हाच गॅस लागला होता. जीव वाचला, पण दिवसभर डोकं धरून बसतो. हे त्या शांतवाल्याला कोण दाखवणार?

शटर ओढलं आणि तडक तिच्या खोलीवर गेले. दारात काय बोलावं सुचेना. सवयीनं तोंडातून निघालं, "जेवलीस का गं?"

ती रडायलाच लागली. "आपा, तिथं रोज एवढी लोकं बोलत्यात. उरकून टाक म्हणत्यात. पर हे कुणीच इचारलं न्हाई."

घरी घेऊन आले. वाटेत भाईजानला लागलेल्या गॅसचं सांगितलं. उद्या तिच्याबरोबर डॉक्टरकडं जायचं ठरलंय. तो शांतवाला मात्र आत्ता दुसऱ्या कुणाला तरी तेच ‘शांत’ लिहीत असेल.

जेवताना भाईजाननं वैशालीला विचारलं, "तू कौन?" मग त्याच आवाजात शेजारी बसलेल्या स्वतःच्या लेकीलाही.

वैशालीचा घास हातातच राहिला.