आमच्याकडे झाड आहे

नाशिक रोड
नोव्हेंबर १९९८

प्रिय सुवर्णा,

वारा सुटला होता, म्हणून आईंच्या अस्थींची पोटली वरच्या फांदीला बांधावी असं वाटलं. स्टुलावर चढले, गाठीला हात घातला. ही माझी गाठ नव्हती. मी आईंच्या लुगड्याचा काठ फाडून त्याने बांधलं होतं. इथे सुतळी होती. झाडावर दुसरी पोटली नव्हती.

काल रात्री सटाण्याचा वाळू नावाचा एकजण आणि त्याचे भाऊ मुक्कामाला होते. वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. आज पहाटेची पहिली बस गाठायच्या घाईत त्यांनी अंधारात एक पोटली काढली आणि रामकुंडावर गेले. कापड सगळ्यांचं सारखंच असतं, लाल. तिकडूनच ते गावी गेले असतील. त्यांनी आपल्या आईंना पाण्यात सोडलं, सुवर्णा. आणि त्यांचे वडील, कोंडाजी, आपल्या झाडावर आहेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू दहावीत होतीस. आपला लॉज रिकामा असायचा. तुझा दादा पाटी रंगवून घ्यायचा, गाद्या बदलायचा, रिक्षावाल्यांना चहा पाजायचा. गिऱ्हाईक नाही. मग एक दिवस आई डोक्यावर पदर घेऊन स्टेशनबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मुंडन केलेली माणसं हेरायची आणि सरळ विचारायचं, ‘बाबा, संगं अस्थी हायेत का? मग कुनी उंबऱ्यात घेनार नाय. आमच्याकडं झाड हाय. त्यांना तिथं ठेवा, तुमी आत येऊन पाठ टेका.’ माणसं रडायची आणि मागोमाग यायची. महिन्याभरात खोल्या पुरेनात.

तुझी खिडकी त्या झाडाकडे होती. भर उन्हाळ्यातही तू ती उघडायची नाहीस. आई सगळ्यांसमोर म्हणायच्या, ‘आमच्या बाईसाहेब. ज्या झाडाच्या पैशावर शिकल्या त्यालाच भितात.’ गिऱ्हाइकं हसायची. तू हसायची नाहीस. अकोल्याला दिलं, त्यानंतर तू इथे एकदाही राहिली नाहीस. आई त्यावर कधी बोलल्या नाहीत. पण तुझ्या खोलीत त्यांनी गिऱ्हाईक घातलं नाही, सीझनमध्येसुद्धा.

भीती मलाही वाटायची. संध्याकाळी आई झाडाखाली पाणी शिंपडायच्या आणि वर बघून म्हणायच्या, ‘निजा आता.’ वर काही हलायचं. वारा असेल. आता त्या नाहीत, तरी दिवेलागणीला मी भांडी घासत असले की मागून कुणी पाणी शिंपडतंय असं वाटतं. उठून पाहते. जमीन कोरडी असते. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि विचारू लागलं, म्हातारी कुठंय? मी झाडाकडे बोट दाखवलं. ते तसंच पिशवी उचलून निघून गेलं.

पोटली नेणाऱ्याकडून आई गेलेल्या माणसाचं नाव आधी वदवून घ्यायच्या. नाव घेतल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज पहाटे त्या जागी कुणी नव्हतं.

तू बाळंतीण, म्हणून शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही तुला. फोनवर रडत म्हणालीस, ‘वहिनी, मी येईपर्यंत सोडू नका. मला माझ्या हातांनी सोडायचंय.’ म्हणून भटजींची बोलणी खाऊनही आम्ही थांबलो. रविवारी तू येणार. हे मला म्हणतात, ‘तिला काही बोलू नकोस. तान्हं घेऊन एवढ्या लांबून यायची. ही पोटली दे तिच्या हातात. राख ती राख. पोरीचं मन निवेल.’ माझ्याकडे बघत नव्हते बोलताना. फोन काउंटरवर आहे आणि काउंटरवर हे बसलेले असतात, म्हणून हे पत्र. ज्या झाडाला घाबरून तू माहेरी राहिली नाहीस, त्याच झाडावरचा परका माणूस आई म्हणून तुझ्या हातात द्यायचा, हे माझ्याने व्हायचं नाही. मी समोर उभी असेन आणि तू ‘आई’ म्हणशील. वाच, आणि मग यायचं की नाही ते तू ठरव.

तुझीच वहिनी,
मनीषा

सकाळी लिहिते आहे. उठले तर हे अंथरुणात नव्हते. थोड्या वेळाने ओल्या धोतराने आले. कोंडाजींना रामकुंडात सोडून आले. चहा न घेता सटाण्याच्या गाडीला गेले, वाळूला सांगायला. जाताना म्हणाले, तिला लिहिलं असशीलच, तर एवढंही लिही, तुझ्या हातात द्यायला आता काही नाही, तरी ये.